स्टेपनीचा रेग्युलेटर

"जादाचाच आहे ना, मग लहानसा आणि स्वस्तातला बघा." हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे. आपल्याकडे जादाची वस्तू म्हणजे दुय्यम वस्तू. जादाच्या छत्रीची एक काडी मोडलेली असायची, जादाची गादी गाठी झालेली असायची आणि जादाच्या चाव्यांचा जुडगा नेमका कुठल्या कुलुपाचा हे कोणालाच ठाऊक नसायचे. पाहुणे दोन दिवस राहून जातात, त्यामुळे कोणाचे काही अडत नाही. पण काही जादाच्या वस्तू अशा असतात की त्या वापरायची वेळ येते तेव्हा दुसरे काहीही हाताशी उरलेले नसते. आज लिहायचे आहे ते अशाच एका वस्तूबद्दल. विषय ऐकून नातेवाईक हसतील, पण वाचावे ही विनंती.

आमची धाकटी नात इंग्लंडात लेस्टरला नोकरी करते. सुट्टीच्या दिवशी मुली सिनेमाला जातात, खरेदीला जातात. ही पाठीवर सिलिंडर बांधून स्टोनी कोव्ह नावाच्या एका जुन्या दगडखाणीत उतरते. खाण बंद पडून पाण्याने भरली, आणि आता तिथे इंग्लंडभरचे हौशी पाणबुडे जमतात. सर्वांत खोल जागा ३५ मीटरच्या आसपास आहे. हिवाळ्यात पाणी चार-पाच अंशांवर येते. सूनबाईंचे म्हणणे, हे सगळे बंदच करावे. चिरंजीवांचे म्हणणे, करायचेच असेल तर एक छोटे राखीव सिलिंडर घे. आणि त्यावरच्या रेग्युलेटरला किती पैसे घालायचे यावरून आमच्याकडे दिवाळीत जे महाभारत झाले त्यात मी उतरले. मी मराठी आणि भूगोल शिकवला, पदार्थविज्ञान नाही. शिवाय नातीच्या शब्दांत सांगायचे तर "आजी, तू समुद्रात गुडघ्याच्या वर कधी गेलेली नाहीस." खरे आहे. पण हवेचा दाब भूगोलातही येतो, आणि डोळ्यांवरची शस्त्रक्रिया झाल्यापासून मी आंतरजालावर तासन्‌तास वाचू शकते. त्या वाचनातून माझे एक मत तयार झाले आहे, ते मांडते.

या राखीव सिलिंडरला तिकडे पोनी म्हणतात. पोनी म्हणजे तट्टू. मोठ्या घोड्याच्या बाजूला बांधलेले तट्टू, हे नाव मला फार आवडले. मुख्य सिलिंडर पाठीवर, पोनी त्याच्या कडेला किंवा काखेखाली लटकवलेली. तिचा स्वतःचा वेगळा रेग्युलेटर. मुख्य सिलिंडरशी तिचा काही संबंध नाही, आणि खरे महत्त्व त्यालाच आहे. नेहमीच्या रेग्युलेटरला ऑक्टोपस म्हणून एक जास्तीची तोटी असतेच, पण ती त्याच सिलिंडरवरची. विहीर आटली तर दोन पोहरे असून काय उपयोग?

आता थोडे गणित. कंटाळा येत असेल तर हा परिच्छेद सोडून पुढे जा (वर्गात मी कधी सोडू दिला नसता). समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे ३० मीटरवर एकूण दाब चार बार. वर आपण जो एक लिटरचा श्वास घेतो त्याला तिथे चार लिटरची हवा लागते. शांत पोहणारा माणूस पृष्ठभागाच्या हिशेबाने मिनिटाला १५ ते २० लिटर हवा घेतो. घाबरलेला सहज ३० लिटर घेतो, त्याहून जास्तही. ३० मीटरवर काही बिघडले, सावरायला एक मिनिट गेले, तर १२० लिटर संपले. मग मिनिटाला ९ मीटर या वेगाने पाच मीटरपर्यंत यायला सुमारे तीन मिनिटे, त्यात २५० लिटर. पाच मीटरवर तीन मिनिटे थांबा, १३५ लिटर. शेवटच्या टप्प्याला आणखी वीसेक. बेरीज ५२५. ब्रिटनमध्ये सर्रास वापरतात ती तीन लिटरची पोनी २०० बारला भरली तर तिच्यात ६०० लिटर हवा मावते. म्हणजे पुरते, पण उधळण्याइतकी नाही. बाजारात थर्मासएवढ्या छोट्या कुपीही मिळतात, तोंडाशी थेट धरायच्या. त्यांतल्या मोठ्या कुपीत ८५ लिटरच्या आसपास हवा असते. वरच्याच हिशेबाने ३० मीटरवर ती ४०-४२ सेकंद चालेल. उथळ पाण्यात तिचा उपयोग होईल, पण तिच्या भरवशावर खोल जाणे म्हणजे काडेपेटीतल्या एका काडीवर जंगल पार करणे. सिलिंडरच्या आकारावर मात्र आमच्या घरात वाद नव्हता. तीन लिटरची ठरली होती. वाद रेग्युलेटरचा होता.

रेग्युलेटर म्हणजे काय हे आपल्या गृहिणींना समजवायला नको, रोज सकाळी हात लागतोच त्याला. सिलिंडरमधला जास्त दाब कमी करून शेगडीला झेपेल एवढा करायचा. आणि गंमत म्हणजे पाणबुड्यांच्या रेग्युलेटरचे मूळही तसेच आहे. १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कूस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी ॲक्वालंग तयार केले. गान्यां हा गॅस कंपनीतला अभियंता. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी गॅसवर चालवत, आणि त्या गॅसचे नियंत्रण करणारी झडप त्याच्याकडे होती. तीच सुधारून त्यांनी माणसाच्या फुप्फुसाला जोडली. त्याच्याही आधी, १८६० च्या दशकात, रुकेरोल आणि देनेरूझ या दोन फ्रेंच माणसांनी मागणीप्रमाणे हवा देणारे यंत्र केले होते, आणि ज्यूल व्हर्नने आपल्या कॅप्टन नेमोला तेच वापरायला दिले. (तो नेमो पुढच्या एका कादंबरीत बुंदेलखंडचा राजपुत्र निघतो. आठवीच्या वर्गाला हे सांगितले की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा ताठ बसत.) असो.

आजच्या रेग्युलेटरचे दोन भाग असतात. सिलिंडरच्या तोंडावर बसते ती फर्स्ट स्टेज. ती २०० बारचा दाब उतरवून भोवतालच्या पाण्यापेक्षा साधारण ९-१० बार जास्त एवढा करते. तिथून नळी येते ती तोंडातल्या सेकंड स्टेजला. तिच्यात एक रबरी पडदा असतो. आपण श्वास ओढला की तो आत खेचला जातो, एक तरफ दाबली जाते आणि झडप उघडते. श्वास सोडला की बंद. दिवसाला हजारो वेळा हे काम बिनबोभाट करणाऱ्या वस्तूकडे मी तरी आदरानेच बघते.

'आटोपशीर' या शब्दाचा घोटाळा इथेच आहे. जाहिरातीत दोन्ही भागांचे लहान असणे एकाच कौतुकाने सांगतात. पण फर्स्ट स्टेज लहान असणे आणि सेकंड स्टेज लहान असणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

फर्स्ट स्टेज लहान हवीच. मुख्य रेग्युलेटरला चार-पाच नळ्या जोडायच्या असतात, म्हणून त्याला तोंडे जास्त. पोनीला एक नळी श्वासाची आणि एक दाबाच्या काट्याची, बस्स. जास्त तोंडे म्हणजे जास्त ओ-रिंगा, आणि जास्त ओ-रिंगा म्हणजे गळतीच्या जास्त जागा. शिवाय पोनी डोक्यामागे असेल तर मोठा ठोकळा मानेला लागतो, काखेखाली असेल तर कपड्यात अडकतो. तेव्हा इथे आटोपशीरपणा हा गुणच. सिलिंडरच्या तोंडात आटे फिरवून आत बसणारी डीन पद्धतीची जोडणी बाहेरून चिमट्यासारख्या बसणाऱ्या जोडणीपेक्षा लहान होते आणि तिची ओ-रिंग आत बंदिस्त राहते, म्हणून तीच घ्यावी, अर्थात सिलिंडर तसे असेल तर.

सेकंड स्टेजचे तसे नाही. पडदा लहान केला की श्वासाच्या ओढीला धरायला जागा कमी मिळते. सूप मोठे असेल तर वारा चांगला येतो, बशीने वारा घालून पाहा. चांगले कारागीर तरफेची रचना बदलून हे बरेचसे भरून काढतात, म्हणून लहान असलेली प्रत्येक वाईट असे मी म्हणणार नाही. पण स्वस्त आणि लहान अशा दोन्ही कसोट्या एकदम लावल्या की श्वास जड होण्याची शक्यता वाढते. आणि तो जड श्वास वाट्याला येणार कोणाच्या? आधीच धाप लागलेल्या माणसाच्या. मुख्य रेग्युलेटर शांत मनाने वापरला जातो, पोनीचा घाबरलेल्या मनाने. मग दोघांत जास्त सहज श्वास देणारा कोणता असायला हवा? दुकानदाराचे उत्तर मुख्य, माझे उत्तर निदान बरोबरीचा तरी. युरोपात ईएन २५० नावाचे मानक आहे. ५० मीटर खोलीच्या दाबावर, मिनिटाला ६२.५ लिटर हवा ओढून, श्वासाला किती कष्ट पडतात ते त्यात मोजतात. लहानखुरी असूनही ती परीक्षा उत्तम गुणांनी पास झालेली सेकंड स्टेज खुशाल घ्यावी. मात्र आकडा न बघता 'खिशात मावते' म्हणून घेऊ नये.

आता थंडीची गोष्ट, जिच्यामुळे मी एवढी हट्टाला पेटले. गेल्या वर्षी फेब्रुवारीत नात मैत्रिणीबरोबर एका दुसऱ्याच तळ्यात गेली होती. भाड्याने घेतलेला रेग्युलेटर वीस मीटरवर गोठला आणि हवा धो धो वाहू लागली. दाबाखालची हवा प्रसरण पावताना थंड होते हे आपण शाळेत शिकलो. पाणीच चार अंशांचे असेल तर झडपेपाशी बर्फ धरतो आणि झडप उघडी अडकते. हवा बंद होत नाही, उलट नळ तुटल्यासारखी वाहते, आणि काही मिनिटांत सिलिंडर रिकामे. मैत्रीण हाताच्या अंतरावर होती म्हणून तिच्या ऑक्टोपसवर दोघी वर आल्या. हे आम्हाला कळले पंधरा दिवसांनी, तेही "आजी, एक गंमत सांगू का" अशा सुरुवातीने.

मग आता विचार करा. त्या दिवशी पोनी असती आणि तिच्यावर उबदार पाण्यासाठी केलेला साधा रेग्युलेटर असता तर? ज्या थंडीने पहिला गोठवला तीच थंडी दुसऱ्याच्या दारात उभी. त्यात घाबरून ओढलेले मोठे श्वास, म्हणजे हवेचा प्रवाह जास्त, म्हणजे गारठा जास्त. पहिला ज्या कारणाने पडला त्याच कारणाने दुसरा पडणार असेल तर त्याला राखीव म्हणायचे कशाला? म्हणून थंड पाण्यात पोनीचा रेग्युलेटर थंडीसाठी तपासलेलाच हवा. ज्याची १० अंशांखाली चाचणी झालेली नाही त्यावर युरोपीय मानकाप्रमाणे १० अंशांपेक्षा जास्त अशी खूण कोरलेली असते, ती बघायला भिंग लागत नाही. आतली स्प्रिंग पाण्यापासून बंदिस्त असलेली पडद्याची फर्स्ट स्टेज त्या पाण्यात बरी. सेकंड स्टेजही सगळी प्लास्टिकची नको. धातू भोवतालच्या पाण्याची आणि सोडलेल्या श्वासाची ऊब आत पोचवतो, त्यामुळे बर्फ धरायला वेळ लागतो. चार अंशांच्या पाण्याची कसली आली ऊब, असे वाटेल. पण उणे तापमानाला गेलेल्या झडपेला चार अंशही शेकोटीच.

आमच्या मालवणच्या भाच्याने फोनवर यावर आक्षेप घेतला. तो तारकर्लीला पर्यटकांना पाण्याखाली नेतो. त्याचे म्हणणे, दट्ट्याची साधी, असंतुलित म्हणतात तसली फर्स्ट स्टेज सर्वांत भरवशाची. हलणारा भाग जवळजवळ एकच, कुठेही दुरुस्त होते, किंमत कमी. स्क्यूबाप्रोची एमके २ ही त्या जातीची, पिढ्यान्‌पिढ्या चाललेली. त्याच्या पाण्यासाठी त्याचे बरोबर आहे. तिच्याविरुद्ध एक मुद्दा सांगतात की सिलिंडर रिकामे होत जाईल तसा नळीतला दाब उतरतो आणि श्वास जड होतो. लहान पोनी तर भराभर रिकामी होते. पण ती रिकामी होते तोवर माणूस वर येत असतो, उथळात श्वासाला तेवढा जोर लागत नाही, त्यामुळे हा दोष पोनीवर फारसा जाणवू नये असे मला वाटते. भाच्याचे पर्यटक दहा मीटरच्या आत, हात धरून जातात. त्यांना पोनीची गरजच नाही. तो स्वतः मित्रांबरोबर आंग्रिया बँकेला जाण्याची स्वप्ने बघतो, विजयदुर्गापासून शंभराहून जास्त किलोमीटर आत, माथाच वीसेक मीटर पाण्याखाली. तिथे गेला तर त्याने साधी दट्ट्याची फर्स्ट स्टेज आणि चांगली सेकंड स्टेज घ्यावी, माझी हरकत नाही. मात्र परदेशातून सिलिंडर आणायच्या भानगडीत पडू नये. आपल्याकडे गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे पेसोची मान्यता नसलेले सिलिंडर भरून मिळत नाही (पेसोचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे). रेग्युलेटर बॅगेतून येतो, सिलिंडर इथलेच वापरायचे, तेव्हा जोडणी इथल्या तोंडाला बसेल का ते आधी पाहावे.

लहानसहान गोष्टी आणखी पुष्कळ आहेत. जागा वाचते म्हणून बटणाएवढा दाबाचा काटा थेट फर्स्ट स्टेजवर बसवतात. पोनी पाठीवर असेल तर तो दिसणार कसा? हातभर नळीवरचा छोटा काटा त्यापेक्षा बरा. तोंडातली तोटी पिवळी असावी आणि हाताला वेगळी लागावी, कारण चुकून पोनीच तोंडात धरून पाण्यात उतरणारे असतात, आणि मध्येच हवा संपली की त्यांना वाटते मुख्य सिलिंडर संपले. वरखाली कशीही धरली तरी चालणारी सेकंड स्टेज मिळत असेल तर फारच उत्तम. उलटसुलट बघायला त्या क्षणी कोणाला फुरसत असते?

पोनीची चावी बुडीत उघडी ठेवावी की बंद, यावर तिकडच्या लोकांचे आपल्या स्मार्त-भागवतांसारखे दोन पंथ आहेत. बंद ठेवणारे म्हणतात, उघडी असली तर नकळत हवा वाहून जाईल. उघडी ठेवणारे म्हणतात, ऐनवेळी चावी सापडणार नाही. मी उघडी ठेवणाऱ्यांच्या बाजूची. घाबरलेल्या माणसाच्या हातून होणारे एक काम कमी केले तर ते पुण्यच. हवा वाहू नये म्हणून ओढीची तीव्रता कमी करणारा छोटा खटका असलेली सेकंड स्टेज घ्यावी आणि तोटीचे तोंड खाली करून रबरी पट्ट्यात अडकवावी.

चिरंजीवांचा एक मुद्दा मला मान्य करावा लागला. अमेरिकेतल्या डॅन या संस्थेच्या संशोधकांनी १९९२ ते २००३ मधल्या ९४७ हौशी पाणबुड्यांच्या मृत्यूंचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. ज्या घटनांत सुरुवातीचे कारण ओळखता आले, त्यांतल्या ४१ टक्क्यांत ते हवा अपुरी पडणे हे होते. उपकरणातला दोष १५ टक्क्यांत. म्हणजे काट्याकडे नजर ठेवणे हे पोनीपेक्षा आधीचे काम. पोनी आहे म्हणून मुख्य सिलिंडर शेवटपर्यंत ओढायचे, असे करणाऱ्याला मी तरी पोनी विकत घेऊन देणार नाही. नातीकडून तसे कबूल करून घेतले आहे. पोनीची हवा हिशेबात धरायची नाही.

पण त्याचा दुसरा मुद्दा, "कधी लागणारच नाही, मग एवढे पैसे कशाला", तो मी खोडून काढला. भारनियमनाच्या दिवसांत आमच्याकडे कंदील होता. सासूबाई रोज तिन्हीसांजेला, दिवे असोत नसोत, त्याची काच पुसून, वात कापून, तेल बघून तो ठेवत. माळ्यावर ठेवलेला कंदील अंधारात शोधायलाच दुसरा कंदील लागतो, असे त्या म्हणत. रेग्युलेटरचे तेच. मुख्याची तपासणी वर्षाला होते तेव्हा पोनीचाही त्याच दुकानात त्याच दिवशी द्यायचा. आणि प्रत्येक बुडीत पाच मीटरवर थांबल्यावर मिनिटभर त्यावरच श्वास घ्यायचा, म्हणजे तोंडालाही सवय राहते आणि बिघाड असला तर कळतोही.

शेवटी ठरले ते असे. डीन जोडणीची, पडद्याची, बंदिस्त, लहान फर्स्ट स्टेज. सेकंड स्टेज तिच्या मुख्य रेग्युलेटरवर आहे तीच, अगदी त्याच बनावटीची, लहान वगैरे काही नाही. मीटरभर नळी, पिवळी तोटी. लहान सेकंड स्टेजच्या मानाने किंमत बरीच जास्त झाली. वरचा फरक माझ्या पेन्शनमधून. सूनबाई अजून बोलत नाहीत, पण पार्सल पोचल्याचा फोटो त्यांनीच मला पाठवला. परवा नातीने कळवले की पहिल्या बुडीत तिने २० मीटरवर मुद्दाम मुख्य तोटी काढून पोनीवर दहा श्वास घेतले आणि काही फरक जाणवला नाही. मी विचारले, पाणी किती अंश होते? सहा म्हणाली. काटा किती उतरला ते मात्र बघायची राहिली. पुढच्या रविवारी बघून सांगणार आहे.